त्या दिवशी मांजरानं बोचकारलं होतं का?

समजा, औंढ्याजवळच्या एखाद्या गावात सहावीतली एक मुलगी आहे. (मुलगी कल्पनेतली, आजार मात्र वैद्यकाच्या पुस्तकात नोंदलेला, खराखुरा.) दिवाळीच्या सुट्टीत तिच्या दादाला सोयाबीनच्या पोत्यांमागं मांजराचं पिल्लू सापडलं. त्यानं ते घरात आणलं. खेळता खेळता पिल्लानं तिच्या मनगटावर बोचकारलं. आईला कळलं तर पिल्लू घराबाहेर जाणार, म्हणून दोघांनी ठरवून टाकलं, 'सांगायचं नाही.' आठवड्याभरात तिथं एक बारीक पुळी आली आणि बसलीही. पंधरा-वीस दिवसांनी काखेत लिंबाएवढी गाठ आली. आजी म्हणाली, "काखमांजरी झालीय, शेक दे." गाठ जरा कमी दुखायला लागली. आणि मग एका सकाळी वेणी घालता घालता मुलगी एकदम ताठ झाली, डोळे फिरले, हातपाय झटके द्यायला लागले.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ताप होता का? डोक्याला मार लागला होता का? याआधी कधी फिट आली होती? आई-वडील सगळ्याला 'नाही' म्हणतात, आणि ते खरंच बोलत असतात. ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे तो दादा बाहेर गाडीपाशी उभा असतो. त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आजचा लेख त्या दादासाठी आहे. म्हणजे तुमच्यासाठी.

नावातच मांजर

काखेत येणाऱ्या गळवाला, गाठीला मराठीत काखमांजरी म्हणतात. हे नाव मांजराच्या आजारावरून पडलं असं समजू नका. काखेत गाठ यायची कितीतरी कारणं असतात आणि त्यातल्या बहुतेकांचा मांजराशी काही संबंध नसतो. पण गाठ दिसली की 'घरात मांजर आहे का?' हा प्रश्न आठवायला हा शब्द फार सोयीचा आहे.

इंग्रजीत ज्याला 'कॅट स्क्रॅच डिसीज' म्हणतात, तो मांजराच्या ओरखड्याचा आजार. फ्रान्समधले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट डेब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. मांजरानं ओरबाडलं, मग जवळच्या अवधाणाला सूज आली, हा धागा त्यांनी जोडला. पण हे होतं कशामुळं, ते कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. १९८३ मध्ये रुग्णांच्या गाठीतल्या पेशींना खास रंग देऊन पाहिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक जीवाणू दिसले. १९९२ मध्ये त्यातल्या खऱ्या गुन्हेगाराला नाव मिळालं, आणि आज आपण त्याला बार्टोनेला हेन्सेली म्हणतो. यातलं 'हेन्सेली' हे डायेन हेन्सेल या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंच्या आडनावावरून आलंय.

खरा वाहक पिसू

हा जीवाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडं नेते ती पिसू. पिसू मांजराचं रक्त पिते आणि तिची काळी, मिरपुडीसारखी विष्ठा मांजराच्या केसांत पडते. मांजर अंग खाजवतं तेव्हा ती घाण नखांत अडकते. मग तेच नख आपल्या कातडीत घुसलं की जीवाणू आत. मांजरानं उघडी जखम चाटली किंवा चावा घेतला तरी लागण होऊ शकते.

मांजर स्वतः मात्र सहसा ठणठणीत दिसतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, माहितीनुसार सुमारे ४० टक्के मांजरांच्या अंगात आयुष्यात कधी ना कधी हा जीवाणू येऊन जातो. वर्षाच्या आतली पिल्लं जास्त धोक्याची. त्यांच्या रक्तात जीवाणू असण्याची शक्यता जास्त, आणि खेळताना नखं आत घ्यायची अक्कल त्यांना अजून आलेली नसते.

माणसात आजाराचा क्रम साधारण ठरलेला. ओरखड्यानंतर ३ ते १० दिवसांत तिथं पुळी येते. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत जवळच्या अवधाणाला सूज येते. हाताला ओरखडा असेल तर काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, तोंडावर असेल तर मानेत, पायाला असेल तर जांघेत. सोबत थोडा ताप, थकवा, जेवण नको वाटणं. बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. गाठ पूर्ण जायला कधी कधी काही महिने लागतात. डॉक्टरांना गरज वाटली तर ते पाच दिवस अझिथ्रोमायसिन देतात. त्यानं गाठ लवकर ओसरते, हे १९९८ च्या एका चाचणीत दिसलं होतं.

म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण थोड्या मुलांच्या बाबतीत गोष्ट इथं संपत नाही.

गाठ काखेत, झटका डोक्यात

शंभरातल्या दोन-चारांच्या आसपास रुग्णांत हा आजार मज्जासंस्थेपर्यंत जातो. त्यात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे एन्सेफॅलोपॅथी, मेंदूचं काम अचानक बिघडणं. आणि तो प्रामुख्यानं शाळकरी वयाच्या मुलांत दिसतो. गाठ आल्यावर साधारण एक ते सहा आठवड्यांत, चांगलं हसतं-खेळतं पोर एकाएकी आकडी येऊन पडतं. कधी आकडी थांबतच नाही, लागोपाठ येत राहते. कधी मूल गुंगीत जातं, बडबडतं, आई-बापाला ओळखत नाही, धरायला गेलं की मारायला धावतं.

हा शेवटचा भाग नीट वाचा. केरिथर्स आणि मार्गिलेथ या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ मध्ये मज्जासंस्थेला झळ पोचलेल्या ७६ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या ६१ जणांना एन्सेफॅलोपॅथी होती. ४६ टक्क्यांना आकडी आली होती आणि ४० टक्के रुग्ण अंगावर धावून जात होते. आपल्याकडं असं पोर दिसलं की पहिला शब्द कुठला निघतो ते सांगायला नको. 'बाहेरचं झालंय.' मग अंगारा, लिंबू, आणि दवाखान्याला उशीर.

त्याच अहवालातली चांगली बातमी अशी की ते ७६ च्या ७६ जण बरे झाले. त्यातले ७८ टक्के तर बारा आठवड्यांच्या आत. पुढंही या आजाराबद्दल डॉक्टरांचा अनुभव बराचसा असाच आहे. सुरुवात भयंकर, शेवट बहुतेक वेळा गोड. पण हा गोड शेवट आकडी वेळेत थांबवणाऱ्या दवाखान्यात होतो. लांबलेली आकडी कुठल्याही कारणानं आलेली असो, ती मेंदूला इजा करू शकते आणि जीवही घेऊ शकते.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडात थोड्याच आठवड्यांच्या अंतरानं पाच मुलं मेंदूच्या अशा त्रासानं दवाखान्यात आली. साथ आली की काय म्हणून सरकारी यंत्रणा कामाला लागली. शोध घेतल्यावर कारण निघालं, मांजराच्या ओरखड्याचा आजार.

मेंदूखेरीज डोळाही सापडतो. न्यूरोरेटिनायटिस या प्रकारात बहुतेक वेळा एकाच डोळ्याला अंधूक दिसायला लागतं, दुखत मात्र फारसं नाही. दुसरा डोळा चांगला असतो म्हणून लहान मुलाच्या ते लक्षातच येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर चांदणीसारखी नक्षी दिसते आणि तिथून शोध सुरू होतो. क्वचित कुणाचं तोंड वाकडं होतं, कुणाचा चालताना तोल जातो.

जीवाणू स्वतः मेंदूत शिरतो, की त्याच्याशी लढताना शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूला झळ लावते, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

डॉक्टरांनाही का चकवतं?

कारण या आजारात नेहमीच्या खुणा सापडत नाहीत. आकडीच्या वेळी ताप असेलच असं नाही. पाठीतलं पाणी काढून तपासलं तर ते बऱ्याचदा नॉर्मल, किंवा किंचित बिघडलेलं. एमआरआयही बऱ्याचदा स्वच्छ. मनगटावरचा ओरखडा तर कधीच भरून गेलेला.

त्यात आपल्याकडं आकडीची दुसरी कारणं पुष्कळ. तापातली आकडी आहे, क्षयाचा मेंदूज्वर आहे, पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ आहे. आणि चांदीपुरा आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला हा विषाणू वाळूमाशीतून पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्यानं कित्येक मुलांचा जीव घेतला. डॉक्टर आधी या जीवघेण्या कारणांमागं धावतात आणि ते बरोबरच आहे.

गाठीचंही तसंच. मुलाच्या मानेत-काखेत गाठ म्हटलं की आपल्या डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा टीबी येतो, यायलाच हवा. पण सुई घालून गाठ तपासली तर मांजराच्या आजारातली गाठही टीबीच्या गाठीची आठवण करून देऊ शकते. दोन्हींत ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे पुंजके दिसतात. मग फरक कशानं कळणार? टीबीच्या जंतूच्या तपासण्यांनी, बार्टोनेलाच्या प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीनं, आणि घरच्यांच्या एका वाक्यानं, "महिन्याभरापूर्वी मांजरानं बोचकारलं होतं." (टीबीच्या गोळ्या आधीच सुरू असतील तर हा लेख वाचून बंद करू नका. डॉक्टरांना ही गोष्ट फक्त सांगा.)

बार्टोनेलाची तपासणी ही 'सगळ्या तपासण्या करून टाका' म्हटलं की त्यात येणारी तपासणी नाही. डॉक्टरांनी मुद्दाम मागितली तरच होते. आणि ते मागणार कधी, तर त्यांना मांजर माहीत असेल तेव्हा.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच महत्त्वाची. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२४ उजाडलं. आजही मोठ्या तपासणीसाठी कित्येक घरं नांदेडची वाट धरतात. सेनगाव किंवा कळमनुरीहून निघालेलं पोर दोन-तीन दवाखाने बदलत पुढं जातं. प्रत्येक ठिकाणी नवे डॉक्टर, नवा केसपेपर. एमआरआयची फाईल सोबत जाते. मांजराची गोष्ट कुणी कागदावर लिहिली नाही तर ती मागंच राहते.

पण सगळ्यात आधी रेबीज

इथपर्यंत आपण ओरखड्यानंतरच्या आठवड्यांबद्दल बोललो. ओरखड्याच्या दिवशी मात्र डोक्यात एकच शब्द हवा, रेबीज. तो फक्त कुत्र्यापासून होतो हा गैरसमज आहे, मांजरापासूनही होतो. बार्टोनेलातून जवळपास सगळे बरे होतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळपास कुणीच वाचत नाही.

म्हणून मांजर चावलं किंवा बोचकारलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप मोठी असतात. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रक्त न येणारा बारीक ओरखडा असला तरी लस लागते. रक्त आलं असेल किंवा चावा खोल असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८. मधला डोस चुकवायचा नाही.

आणि हळद? वसमतच्या हळदीचा आपल्याला अभिमान आहे. घरात पोत्यानं हळद असते, त्यामुळं खरचटलं की हात आपोआप डब्याकडं जातो. पण जनावराच्या चाव्यावर, ओरखड्यावर हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही लावायचं नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही असं काही न लावण्याबद्दल बजावलेलं आहे. हळद भाजीत घाला, ओरखड्यावर साबण लावा.

समोर फिट आली तर

मुलाला कुशीवर वळवा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली दुपटं, ओढणी, जे असेल ते ठेवा. मोबाईलवर वेळ बघा. दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायची तर मुळीच गरज नाही. त्यानं फिट थांबत नाही, वेळ मात्र जातो. मुलाला पहिल्यांदाच फिट आली असेल, किंवा फिट पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा एकीपाठोपाठ दुसरी आली तर थेट १०८. कुणी एकानं व्हिडिओ काढला तर बिघडत नाही, उलट डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. फक्त तो स्टेटसवर जाऊ द्यायचा नाही.

दवाखान्यात आकडी थांबवणारी औषधं देतात, श्वासाकडं लक्ष ठेवतात. कारण बार्टोनेला आहे असं वाटलं तर मुलाचं वय पाहून डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन यांसारखी प्रतिजैविकं देतात. ही औषधं मेडिकलवरून स्वतः आणून घ्यायची नाहीत.

मग मांजर हाकलायचं का?

नाही. शेतकऱ्याच्या घरात मांजर हौसेखातर नसतं, धान्याला राखण म्हणून असतं. मांजर गेलं की उंदीर येतात, आणि उंदरांचे आजार वेगळे. मांजराशी वैर नको, पिसवांशी हवं.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मांजरासाठीचं पिसवांचं औषध विचारा. गुरांच्या गोचिडावर मारायचं औषध किंवा कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड असतं आणि ते मांजराला विषासारखं लागू पडतं. त्यानं मांजर मरतं. मांजर जिथं झोपतं तिथलं पोतं-गोधडी गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. त्याला रेबीजची लस द्या. लहान मुलांना पिल्लाशी हातानं झोंबाझोंबी करू देऊ नका. दोरीला चिंधी बांधून खेळवा. खेळून झालं की साबणानं हात. रीलसाठी पिल्लाला तोंडाशी धरायची हौस असेल तर तेवढी आवरा.

सांगणारा कोण?

मांजर आडवं गेलं तर आपण दोन पावलं मागं येतो, आणि ते लक्षातही ठेवतो. तेच मांजर बोचकारून गेलं की तासाभरात विसरतो. शिवाय लहान मुलं हे लपवतात, कारण त्यांना इंजेक्शनची भीती असते आणि पिल्लू जाण्याचं दुःख त्याहून मोठं असतं. ही गुपितं ज्यांना ठाऊक असतात ते बहुतेक वेळा आई-वडील नसतात. तुम्ही असता. मोठी ताई, दादा, शेजारचा कॉलेजला जाणारा मामा.

म्हणून दोन गोष्टी करा. धाकट्याला आजच सांगून ठेवा, की बोचकारलं तर मला सांग, पिल्लू कुणी टाकून देणार नाही. हे वचन दिलं तर पाळायचंही. आणि मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये ओरखड्याची तारीख टाका, सोबत जखमेचा एक फोटो. पुढचे दोन महिने काखेत, मानेत, जांघेत गाठ, एका डोळ्यानं अंधूक दिसणं, वागण्यात अचानक बदल किंवा झटका यातलं काही दिसलं तर तीच तारीख डॉक्टरांसमोर ठेवा. केसपेपरवर लिहून घ्या म्हणून आग्रह धरा. 'आपण कसं सांगायचं, ते डॉक्टर आहेत' असं वाटू देऊ नका.

आपल्या गोष्टीतला दादा अजून गाडीपाशीच उभा आहे. आत डॉक्टर चौथ्यांदा विचारतायत, "काही आठवतंय का? मागच्या महिन्या-दोन महिन्यांतलं काहीही?" त्यानं आत जाऊन एवढंच म्हणायचंय, "डॉक्टर, घरात पिल्लू आहे. दिवाळीत त्यानं हिला बोचकारलं होतं. मीच सांगू नको म्हणालो होतो."

त्यासाठी त्याच्यावर कुणी रागावलं, तर रागावू दे.